समुद्राकाठी एका बौद्ध राजाचा कैदखाना

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला समुद्राचे मोठे नवल. आपल्याकडे डोंगर आहेत, लेणी आहेत, जुने दरवाजे आहेत. पाणी मात्र नळाला येईल त्या दिवशीच दिसते. आपल्या समाजातल्या बहुतेक कुटुंबांनी समुद्र पाहिला तो ६ डिसेंबरला, चैत्यभूमीवर. रांगेत उभे राहून अभिवादन करायचे, मुलांचा हात घट्ट धरायचा, शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल पाहायचे आणि निघताना चौपाटीकडे एकदा नजर टाकायची. तो दिवस समुद्र पाहण्याचा नसतोच. म्हणून घरात कधीतरी हट्ट निघतो, "एकदा नुसता समुद्र बघायला जाऊ."

आमच्या घरी हा हट्ट निघाला तेव्हा मी रत्नागिरीचे नाव सुचवले. त्याला कारण होते. तेथे भाट्याच्या खाडीवर नजर ठेवून, टेकडीवर एक तांबडा तीनमजली वाडा उभा आहे. त्याला थिबा राजवाडा म्हणतात. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा या वाड्यात इंग्रजांच्या कैदेत राहिला आणि कैदेतच वारला. राजा बौद्ध होता. पर्यटनाच्या पुस्तकांत या वाड्याला चार ओळी मिळतात आणि लगेच पुढे आंबे, काजू आणि गणपतीपुळे सुरू होते. आपण बौद्ध माणसांनी येथे जरा जास्त वेळ थांबले पाहिजे, असे मला वाटते. का, ते पुढे सांगतो.

जाण्याचे दोन मार्ग आहेत. रात्रीच्या देवगिरीने मुंबईकडे जायचे आणि पुढे कोकण रेल्वे धरायची, किंवा एस. टी. नाहीतर जीप करून अहिल्यानगर, पुणे, कऱ्हाड असे जाऊन आंबा घाटाने खाली उतरायचे. आम्ही घाटाचा रस्ता घेतला. घाट उतरला की मातीचा रंगच बदलतो. आपल्याकडची काळी माती आणि काळा पाषाण मागे राहतो आणि सगळे तांबडे दिसू लागते. घरे, बांध, विहिरी, पायऱ्या, सगळे जांभ्याचे. हा जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, तासून त्याचे चौकोनी चिरे पाडतात आणि हवा लागली की तो कडक होत जातो. वेरूळ-अजिंठ्याचा पाषाण डोंगरातच कोरावा लागतो; जांभ्याचे चिरे पाडून डोंगर घरी नेता येतो. थिबाचा वाडाही याच दगडाचा आहे.

वाड्यासमोर उभे राहिले की आधी नजर जाते ती छपरांवर. ती सपाट नाहीत, उतरती आहेत, आणि एकावर एक चढत गेलेली दिसतात. कोकणच्या पावसाला असे छप्पर लागतेच, पण येथे त्याला थोडे ब्रह्मी वळण दिले आहे. खाली कमानी, त्यामागे लांब व्हरांडे, वर लाकडी अर्धगोल खिडक्या आणि त्यांच्यावर नाजूक नक्षी. पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचे मोठे दालन आहे, त्याला नृत्याचे दालन म्हणतात. लाकूड ब्रह्मदेशी सागवान आहे. शंभर पावसाळे खाऊनही ते उभे आहे. मागच्या बाजूस एक बुद्धमूर्ती आहे. ती राजाने आपल्याबरोबर आणली असे सांगतात. सरकारने १९०६ साली या बांधकामासाठी सव्वा लाखावर रुपये मंजूर केले, आवार सुमारे २७ एकरांचे राखले आणि १९१० साली वाडा पुरा झाला.

माझ्या मुलीने तेथेच विचारले, "राजवाडा आहे, तर मग तुरुंग कसा?" प्रश्न बरोबर होता. उत्तर आकड्यांत आहे. राजा रत्नागिरीत आला एप्रिल १८८६ मध्ये आणि वारला डिसेंबर १९१६ मध्ये. म्हणजे तीस वर्षांच्या कैदेतली पहिली चोवीस वर्षे त्याने सरकारने दिलेल्या बंगल्यांत काढली आणि या वाड्यात जेमतेम सहा. आणि वाडा मिळाला तरी फाटकावर पहारा, वर कलेक्टरची देखरेख, खर्चाला सरकारी तनखा. तनखा पुरत नसे तेव्हा राजा मांडलेहून आणलेली रत्ने आणि दागिने विकत असे. रत्नागिरीच का निवडली, तेही समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी तेथे रेल्वे नव्हती. बाहेरचा मार्ग मुख्यतः आगबोटीचा, आणि पावसाळ्यात तोही बंद. ज्याला जगाने विसरावे असे वाटते त्याला ठेवायला यापेक्षा सोयीची जागा कोणती? वाड्यातून समुद्र दिसतो, पण हा समुद्र ब्रह्मदेशाकडे जात नाही. तो देश भारताच्या पलीकडच्या अंगाला आहे.

आता हा राजा येथवर आला कसा, ते थोडक्यात. थिबाचा बाप राजा मिंडॉन. त्याने मांडले शहर वसवले आणि तेथील कुथोडॉ पॅगोडाच्या आवारात संपूर्ण त्रिपिटक संगमरवराच्या ७२९ शिळांवर दोन्ही बाजूंनी कोरून घेतले. १८७१ साली त्याने मांडलेला पाचवी धम्मसंगीती भरवली. थिबा १८५९ सालचा. तो राजवाड्यापेक्षा विहारातच जास्त रमलेला, पाली परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण होता. १८७८ साली त्याला गादीवर बसवले तेव्हा तो अवघ्या एकोणीस वर्षांचा होता.

युद्धाचे निमित्त झाले सागवानाचे. मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही इंग्रज कंपनी ब्रह्मदेशाच्या जंगलातून सागवान काढत असे. जितके ओंडके नेले तितक्यांचे पैसे भरले नाहीत, असे ठरवून राजाच्या दरबाराने १८८५ साली कंपनीला मोठा दंड केला. इंग्रजांना मांडलेत फ्रेंचांची ये-जा आधीच खुपत होती. त्यांनी निर्वाणीचा खलिता धाडला, नोव्हेंबरात फौज निघाली आणि दोन आठवड्यांत राज्य संपले. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजाराणीला बैलगाडीत बसवून नदीवरच्या आगबोटीकडे नेले. १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. म्हणजे सागवानाच्या भांडणात राज्य गेले आणि चोवीस वर्षांनी त्याच सागवानाची दारे-खिडक्या लावलेला वाडा राजाला मिळाला. खिडकीच्या चौकटीवर हात ठेवताना हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

उलटा हिशेबही इतिहासात आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर याला रंगूनला पाठवले आणि १८६२ साली तो तेथेच वारला. औरंगजेबाची कबर आपल्या खुलताबादेत, त्याच्या वंशाचा शेवटचा बादशहा रंगूनात, आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा रत्नागिरीत.

पण थिबा बौद्ध होता म्हणून त्याच्यावर फुलेच वाहायची, असे मी म्हणणार नाही. गादीवर आल्यावर काही महिन्यांतच, १८७९ च्या फेब्रुवारीत, मांडलेच्या राजवाड्यात त्याच्या भावाबहिणींची आणि आप्तांची कत्तल झाली. गादीला वारस शिल्लक राहू नये म्हणून. कारस्थान राणी सुपयालतच्या आईचे आणि मंत्र्यांचे होते, असे इतिहासकार सांगतात. असेल. पण पाली सूत्रे मुखोद्गत असलेला राजा ते थांबवू शकला नाही. पंचशीलातले पहिलेच शील त्याच्या राजवाड्यात मोडले. हे आपण लपवू नये. मुलांनाही सांगावे.

राजा रत्नागिरीत कैदेत होता तेव्हा त्याच जिल्ह्यात दुसरीकडे काय चालले होते? दापोलीला आपल्या समाजाचे निवृत्त सैनिक राहत असत. सुभेदार रामजींचे कुटुंबही काही काळ तेथे होते. याच सुमारास सरकारने फौजेत महारांची भरती बंद केली. जुने सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली, भरती पुन्हा सुरू करावी म्हणून सरसेनापतीकडे अर्ज तयार केला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इमानाने बंदूक धरली त्यांच्यासाठी सरकारकडे जागा नव्हती, आणि ज्याचे राज्य बुडवले त्या राजासाठी सव्वा लाखाचा वाडा होता. इंग्रज सरकारला माणसाची किंमत कळत नव्हती असे नाही. दर्जाची किंमत मात्र त्याला जास्त कळत होती.

या दर्जाचीच गोष्ट मला वाड्यात सर्वांत जास्त टोचली. राजाला चार मुली. थोरल्या दोघी मांडलेच्या, तिसरी कैदेच्या प्रवासात मद्रासला झालेली, चौथी रत्नागिरीची. मुली वाढल्या, वयात आल्या, विशी उलटली, तिशीकडे झुकल्या. लग्ने होईनात. का? तर राजरक्ताला साजेसा वर पाहिजे. ब्रह्मदेशच्या राजघराण्यात रक्त शुद्ध राहावे म्हणून राजा आपल्या सावत्र बहिणीशी लग्न करी. थिबाची राणी सुपयालत ही त्याची सावत्र बहीणच होती. आता राज्य नाही, देश नाही, आजूबाजूला नारळी-पोफळी आणि मराठी बोलणारे लोक, तरी नियम तोच. सरकारही वर शोधण्याची कागदपत्रे हलवत राहिले. एवढ्या खोल्या, एवढे व्हरांडे, आणि त्यांत चार तरुण मुली वर्षानुवर्षे बसून.

१९१६ सालच्या मे महिन्याच्या ९ तारखेला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींच्या उत्पत्तीवर आपला निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे की जातीचे मूळ आपापसातच लग्न करण्याच्या नियमात आहे, आणि तो नियम टिकवायचा तर त्याचा भार स्त्रीवर पडतो. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह हे सारे त्यातून येते. बाबासाहेब तेथे हिंदू समाजाबद्दल बोलत होते. पण त्या वर्षी रत्नागिरीच्या वाड्यात जे चालले होते ते या निबंधाच्या शेजारी ठेवून पाहा. फाटकावरचा पहारा इंग्रजांचा होता. घरातला पहारा राजाचा स्वतःचा होता. तथागतांनी जन्मावरून श्रेष्ठत्व नाकारले, संघात राजपुत्राबरोबर न्हावी उपालीला घेतले, आणि त्यांचे नाव घेणारे घराणे रक्ताच्या शुद्धतेपायी मुलींना कोंडून बसले होते.

मुलींनी मात्र आपापली वाट काढली. थोरल्या राजकन्येचे मन राजाच्या पदरी असलेल्या गोपाळ नावाच्या द्वारपालावर बसले आणि १९०६ साली तिला मुलगी झाली. तिचे नाव टूटू. दुसरी राजकन्या १९१६ च्या अखेरीस, राजाच्या नोकरीतल्या एका ब्रह्मी तरुणाशी लग्न करण्यासाठी घर सोडून निघून गेली. राजाला तो धक्का सोसला नाही असे म्हणतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. वय सत्तावन्न. बाबासाहेब तेव्हा लंडनला शिकत होते.

राजाचा देह ब्रह्मदेशात नेऊ द्यावा म्हणून राणीने आग्रह धरला. सरकारने मानले नाही. पेटी तशीच ठेवून ती झगडत राहिली. अखेर १९१९ साली रत्नागिरीतच समाधी बांधली आणि राणी मुलींना घेऊन रंगूनला परतली. तेथे १९२५ साली ती वारली. थोरली राजकन्या मात्र ब्रह्मदेशात रमली नाही. ती रत्नागिरीला, गोपाळकडे परत आली आणि १९४७ साली येथेच गेली. टूटूने तर सारा जन्म रत्नागिरीत काढला. रत्नागिरीच्या माणसाशी संसार केला, मराठी बोलली, गरिबीत मुले वाढवली आणि २००० साली ती वारली. राजाची नात आपल्याच वस्तीतल्या एखाद्या आजीसारखी जगली.

वाड्यात पुढे सरकारी कचेऱ्या आल्या, शिक्षणाची संस्था भरली, आणि आता तेथे वस्तुसंग्रहालय आहे. राजाच्या वापरातल्या काही वस्तू आणि छायाचित्रे मांडली आहेत. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, तेव्हा वार पाहून निघावे. जवळच थिबा पॉइंट म्हणून जागा आहे, तेथून खाडी, नदीचे मुख आणि समुद्र एकदम दिसतो. मुलांना तेथे भेळ खाऊ घालावी आणि मग समाधीकडे वळावे.

हे समाधीचे सांगायला हवे, कारण वाडा पाहणारे पुष्कळ जण तेथे जात नाहीत. समाधी वाड्यापासून वेगळी, शिवाजीनगर भागात, घरांच्या वस्तीत आहे. मोठी राजाची, शेजारी धाकटी राणी १९१२ साली वारली तिची लहान. कोरीव काम फार नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन येथे येऊन गेले, आणि २०१६ साली राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा त्या देशाचे मोठे अधिकारी आणि राजाचे वंशज जमले होते. भिक्खूंनी परित्राण पाठ केला. एरवी येथे शांतता असते.

ब्रह्मदेशाशी आपले नाते या समाधीपुरते नाही. १९५४ साली बाबासाहेब दोनदा ब्रह्मदेशात गेले, त्यातले दुसऱ्यांदा रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेसाठी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना ज्यांनी दीक्षा दिली ते कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. बुद्धगयेच्या महाविहाराची पडझड पाहून राजा मिंडॉनने १८७० च्या दशकात डागडुजीसाठी माणसे पाठवली होती, आणि त्या काळी उभारलेल्या ब्रह्मी विश्रामगृहातच १८९१ साली अनागारिक धर्मपाल उतरले. आणि आपल्या औरंगाबादेचे म्हणाल तर, बाबासाहेबांनी नागसेनवनातल्या महाविद्यालयाला ज्या राजा मिलिंदाचे नाव दिले त्याच्या प्रश्नोत्तरांचा ग्रंथ, मिलिंदपञ्ह, ब्रह्मदेशात त्रिपिटकातच धरतात. इतर थेरवादी देशांत तो त्रिपिटकाबाहेरचा मानला जातो. आपली मुले मिलिंद महाविद्यालयाच्या फाटकातून रोज जातात, त्यांना हे ठाऊक असायला हरकत नाही.

मांडलेच्या राजवाड्याचे काय झाले? तो सारा सागवानी होता. १९४५ साली युद्धाच्या बाँबवर्षावात जळून गेला. आज तेथे दिसते ते नंतर पुन्हा उभारलेले बांधकाम. जुन्या राजवाड्यातले एकच मोठे दालन वाचले. मिंडॉन ज्या दालनात वारला ते थिबाने गादीवर आल्यावर सुटे करून राजवाड्याबाहेर हलवले आणि भिक्खूसंघाला विहार म्हणून दिले. श्वेनांडॉ त्याचे नाव. कोरीव सागवानाचा तो विहार आजही उभा आहे.

ज्यांच्या हाताशी आणखी दोन दिवस असतील त्यांनी परतीला दापोली-मंडणगडकडून यावे. मंडणगड तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांच्या घराण्याचे मूळ गाव. दापोलीजवळ वणंद, माता रमाईंचे माहेर. आणि त्याच बाजूला पन्हाळेकाजीची लेणी, नदीकाठी, आपल्या लेण्यांपेक्षा लहान पण त्यांच्याच कुळातली. रस्ता वळणांचा आहे, उलटी होणाऱ्यांनी पुढे बसावे.

आम्ही समाधीवर मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील म्हटले. आई पायरीवर बसून होती. वाड्यात ती फारशी बोलली नव्हती, गुडघे दुखत होते. निघताना तिने विचारले, "आणि त्या पोरींच्या समाध्या कुठं हायेत रं?"

मी मला ठाऊक होते ते सांगितले. थोरली इथेच रत्नागिरीत गेली. दुसरी हिमालयाच्या पायथ्याशी कालिंपाँगला. धाकट्या दोघींची लग्ने ब्रह्मदेशात परतल्यावर झाली, चौथी मोलमेनला १९३६ साली वारली, तिसरी मागे राहिली, तीही तिकडेच गेली.

"म्हणजे चौघी चार जागी," आई म्हणाली, आणि नातीचा हात धरून उठली. ऊन उतरले होते, आम्ही भाट्याच्या वाळूकडे निघालो.